झालर पडलेला रुमाल

आमच्या घरातल्या लोखंडी कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे. त्यात आईच्या क्रोशाच्या सुया, पांढऱ्या आणि मोतिया दोऱ्याचे गुंडे, आणि कधी तरी पुरे करायचे म्हणून राखलेले रुमाल. दुपारची झाकपाक झाली की डबा बाहेर निघे. त्या डब्यातून घराला काय काय मिळालं, याची यादी कुणी केली नाही. रेडिओवरचा रुमाल, पुढे टीव्हीवरचा. दाराचं तोरण. सणाच्या दिवशी ताटाभोवती मांडायची महिरप. आत्याच्या रुखवतात ठेवलेला, खळीत बुडवून ताठ केलेला राजहंस.

मी नऊ-दहा वर्षांची असताना आईने मला पहिला गोल रुमाल विणायला बसवलं. आधी साखळीचं छोटं कडं, त्यात बारा खांब, म्हणजे क्रोशाचे उंच टाके. दुसऱ्या ओळीत प्रत्येक खांबावर दोन खांब, म्हणजे चोवीस. तिसऱ्या ओळीत एक आड एक दुप्पट करायचं होतं. पण तोवर हाताला गती आली होती आणि मी हिशेब सोडून प्रत्येक खांबावर दोन-दोन घालत सुटले. पाचव्या ओळीला रुमाल पाटावर बसेना. एका बाजूने दाबला की दुसरीकडून उठे. कडा लाटेसारख्या वर-खाली होत होत्या. आईने त्याच्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाली, “खांब जास्त झालेत गं. झालर पडली. उसव.” क्रोशाचं काम दोऱ्याचं टोक ओढलं की सरसर उसवतं. दोन मिनिटांत माझ्या दुपारचा पुन्हा गुंडा झाला.

पुढे मी गणित शिकले, बरीच वर्षं शिकवलं, आणि खूप उशिरा मला कळलं की मी त्या दुपारी काय उसवलं होतं. तसाच, कडेला चुण्या पडलेला तुकडा १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना टायमिना या गणितज्ञ बाईंनी मुद्दाम, टाके मोजून विणला होता. गणिताचे विद्यार्थी तो हातात घेऊन एक अशी भूमिती शिकत होते, जी तोपर्यंत बहुतेकांनी फक्त सूत्रांत आणि आकृत्यांत पाहिली होती. त्या तुकड्यापासून पुढे लोकरीचे प्रवाळ निघाले, आणि त्या प्रवाळांपासून जगभरच्या हजारो माणसांनी मिळून विणलेले अख्खे प्रवाळखडक. हे पुस्तक त्या प्रवासाचं आहे. पुस्तकात शिरण्याआधी वाचकाच्या हाती तीन धागे द्यावेत, एवढ्यासाठी ही प्रस्तावना. एक धागा हाताचा, एक गणिताचा, एक समुद्राचा.

हातापासून सुरुवात करते. गोल रुमाल सपाट बसावा म्हणून प्रत्येक ओळीत बारा खांब वाढवायचे, हे विणणाऱ्या बाईला ठाऊक असतं. १२, २४, ३६, ४८, ६०, असं. बाराच का? खांब हा टाका जितका रुंद असतो, त्याच्या साधारण दुप्पट उंच असतो. एक ओळ विणली की वर्तुळाची त्रिज्या एका खांबाच्या उंचीने वाढते. परीघ त्याच्या दोन पाय (π) पट, म्हणजे सुमारे सव्वासहा पट वाढायला हवा. सव्वासहाची दुप्पट साडेबारा. दोरा थोडा ताणतो, थोडा दबतो, आणि बारा खांबांत काम भागतं. हाच हिशेब बुटक्या टाक्याला लावला तर, त्याची उंची आणि रुंदी जवळपास सारखी असल्यामुळे, ओळीला सहा टाके पुरतात. पाय या संख्येचं नावही न ऐकलेल्या बायकांच्या पिढ्यांनी ती बोटांवर मोजून वापरली आहे.

आता वाढ कमी ठेवा. कड आखडते, रुमालाची वाटी होते, वाटीची टोपी होते. वाढ जास्त ठेवा, कडेला जागा पुरत नाही, मग ती चुणते आणि झालर पडते. सपाट रुमाल, टोपी आणि झालर. भूमितीच्या भाषेत पहिल्याची वक्रता शून्य, दुसरीची धन, तिसरीची ऋण. पहिली भूमिती आपण शाळेत फळ्यावर शिकलो. दुसरी पृथ्वीच्या गोलावरची, जहाजं आणि विमानं जिच्या आधाराने वाट काढतात. तिसरी सापडायला माणसाला दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

हा दुसरा धागा. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराला यूक्लिडने भूमिती पाच गृहीतकांवर उभी केली. त्यातली चार सुटसुटीत होती. पाचवं लांबलचक होतं. आज आपण ते सोप्या रूपात असं शिकतो: एक रेषा आणि तिच्या बाहेरचा एक बिंदू दिला, तर त्या बिंदूतून पहिल्या रेषेला समांतर अशी एकच रेषा काढता येते. हे विधान आधीच्या चारांवरून सिद्ध करता येईल, असं पिढ्यान्‌पिढ्या वाटत राहिलं. उमर खय्याम यांनी या प्रश्नाला हात घातला. इटलीतल्या साकेरी या पाद्री गणितज्ञाचं त्यावरचं पुस्तक १७३३ साली निघालं. ज्याने त्याने दार ठोठावलं, आणि ते कुणालाच उघडलं नाही. अखेर रशियातल्या कझान इथल्या निकोलाय लोबाचेव्हस्की यांनी १८२९ मध्ये, आणि हंगेरियन यानोश बोल्याई यांनी वडिलांच्या पुस्तकाला जोडलेल्या परिशिष्टात १८३२ मध्ये, एकमेकांना न ओळखता, वेगळंच उत्तर मांडलं. त्या बिंदूतून एक नव्हे, अगणित समांतर रेषा जातात असं मानलं तरीही सुसंगत भूमिती उभी राहते. जर्मनीतले थोर गणितज्ञ गाउस याच निष्कर्षाला आधीच पोचले होते, पण त्यांनी तो छापला नव्हता. यानोशच्या वडिलांनी स्वतः या प्रश्नापायी वर्षं घालवली होती, आणि मुलाने त्याच्या नादी लागू नये म्हणून त्याला कळकळीने बजावलं होतं. मुलाने ऐकलं नाही, हे गणिताचं भाग्य.

या भूमितीला हायपरबोलिक भूमिती म्हणतात. मराठीत अपास्तीय भूमिती. ती खरी आहे हे पटलं, तरी ती दिसते कशी? इथे अडचण होती. डेव्हिड हिल्बर्ट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिलं की या भूमितीचं संपूर्ण प्रतल आपल्या तीन मितींच्या अवकाशात कुठेही न मोडता, गुळगुळीतपणे मावत नाही. त्याचा एखादा तुकडा मात्र करता येतो. अमेरिकन गणितज्ञ विल्यम थर्स्टन यांनी कागदाच्या अरुंद, वाकड्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून तसे तुकडे बनवायची युक्ती सांगितली. ते कागद फार हाताळले की फाटत. टायमिना लाटव्हियात, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत राजवटीत वाढलेल्या, आणि सुई-दोऱ्याची कामं लहानपणापासून हातात बसलेली. कॉर्नेलमधले त्यांचे सहकारी आणि पती डेव्हिड हेंडरसन यांच्याकडचं असं जीर्ण कागदी प्रतिरूप त्यांनी पाहिलं आणि हे विणता येईल असं त्यांच्या मनात आलं. दोन सुयांवरच्या विणकामात सगळे टाके सुईवर धरून ठेवावे लागतात आणि इथे तर टाके ओळीगणिक वाढत जाणार. क्रोशात एका वेळी एकच फास सुईवर असतो, बाकीचे आपापल्या जागी बसलेले असतात. म्हणून क्रोशा.

नियम एका वाक्याचा आहे: दर ठराविक टाक्यांमागे एक टाका जास्त, आणि हे प्रमाण शेवटपर्यंत बदलायचं नाही. समजा, दर तीन खांबांमागे एक जास्त. ८१ खांबांपासून सुरुवात केली तर पुढच्या ओळींत १०८, १४४, १९२ आणि २५६ खांब होतात. चार ओळींत तिप्पटीहून अधिक. मी लहानपणी केलं तसं प्रत्येक खांबावर दोन घातले, तर १२, २४, ४८, ९६ असं करत सातव्या ओळीत ७६८ खांब होतात. सपाट रुमालाच्या सातव्या ओळीत ते ८४ असतात. उरलेल्या ६८४ खांबांना पाटावर जागा नाही. ते वर-खाली होतात, आणि त्या वर-खाली होण्यातच ती भूमिती आहे.

हा तुकडा नुसता पाहायचा नाही, घडी घालून पाहायचा. तो हळूच दुमडला की घडीवर सरळ रेषा मिळते. तिच्यावरून लाल दोरा टाचा. आता त्या लाल रेषेबाहेर एक टाका निवडा आणि त्यातून जाईल, पण लाल रेषेला छेदणार नाही, अशी दुसरी घडी घाला, तिच्यावर निळा दोरा टाचा. मग त्याच टाक्यातून तशीच तिसरी घडी, चौथी घडी. विणलेली लोकर पसरून नीट पाहिली तर यांतली एकही रेषा लाल दोऱ्याला मिळत नाही. उलट कडेकडे जाताना त्या लाल रेषेपासून लांब लांब पसरत जातात. यूक्लिडच्या कागदावर हे अशक्य होतं, आणि इथे ते आठवीतल्या मुलीच्या मांडीवर घडतं. त्रिकोण काढून कोन मोजा, बेरीज १८० अंशांपेक्षा कमी भरते, आणि त्रिकोण जितका मोठा घ्याल तितकी ती आणखी घटते. मी शिकवत असताना हे वाक्य फळ्यावर कितीदा लिहिलं आणि मुलांनी ते कितीदा उतरवून घेतलं. एका विद्यार्थिनीला मी लोकरीचा तुकडा दिला, तेव्हा तिने कोन मोजले, बेरीज केली, पुन्हा मोजले, आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या अध्यापनातले तसे क्षण मोजकेच आहेत.

टायमिनांचं या विषयावरचं पुस्तक २००९ मध्ये निघालं. वर्षातल्या सर्वांत विचित्र शीर्षकासाठी ब्रिटनमध्ये जे पारितोषिक देतात ते त्याला मिळालं, आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या गणित संघटनेचं ऑयलर पारितोषिकही मिळालं. पहिल्या बातमीवर लोक हसले. दुसरी बातमी मला जास्त महत्त्वाची वाटते. एका घरगुती कसबातून गणित पुढे सरकलं, हे गणिताच्या संघटनेने तिथे मान्य केलं होतं.

आता समुद्राचा धागा. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या जुळ्या बहिणी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या. म्हणजे ग्रेट बॅरियर रीफ ज्या किनाऱ्यालगत २,३०० किलोमीटर पसरली आहे, तिथल्या. मार्गारेट विज्ञानलेखिका, क्रिस्टीन कवयित्री. दोघींनी लॉस एंजेलिसमध्ये २००३ साली ‘इन्स्टिट्यूट फॉर फिगरिंग’ ही छोटी संस्था काढली, विज्ञान आणि गणितातलं सौंदर्य लोकांपर्यंत न्यायला. टायमिनांचं काम पाहून त्याही विणू लागल्या. २००५ मध्ये घरात असे बरेच तुकडे जमले होते, आणि ते एकत्र ठेवल्यावर समोर प्रवाळखडक दिसायला लागला. त्याच काळात त्यांच्या माहेरच्या समुद्रात प्रवाळ पांढरे पडत असल्याच्या बातम्या येत होत्या. आपण प्रवाळखडक विणू या, हा विचार तिथून निघाला.

लोकरीच्या तुकड्यांत प्रवाळ दिसला, यामागे एक कारण आहे. प्रवाळाला जागेवरून हलता येत नाही. त्याला प्रकाश आणि अन्न दोन्ही भोवतालच्या पाण्यातून मिळवायचं असतं. थोड्या जागेत पृष्ठभाग जितका जास्त, तितकी गाठ जास्त पाण्याशी. आणि थोड्या जागेत जास्त पृष्ठभाग बसवायचा तर त्याला चुण्या पडणारच. जिथे मधल्या भागापेक्षा कड जास्त वेगाने वाढते, तिथे झालर येते. सगळे प्रवाळ असे नसतात. काही सांबराच्या शिंगांसारखे फांद्या फुटलेले, काही गोल आणि मेंदूसारख्या वळ्यांचे. पण पानांसारखे पसरणारे प्रवाळ, कितीतरी समुद्री शेवाळं, समुद्री गोगलगायींच्या अंगाच्या कडा, जमिनीवर लेट्यूसची पानं आणि कोंबड्याचं फूल, सगळ्यांनी हीच वाट धरली आहे. प्लास्टिकची पातळ पिशवी सावकाश फाडून पाहा. फाटलेली कड ताणली जाऊन लांब होते आणि चुणते. लाटेवर लहान लाट, तिच्यावर आणखी लहान. या चुण्या अशाच का पडतात, यावर भौतिकशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये शोधनिबंध लिहिला आहे.

आपल्या स्वयंपाकघरातही याचा एक नमुना आहे. गोड्या मसाल्यात घालायचं दगडफूल डब्यातून काढा आणि थोडा वेळ पाण्यात भिजत ठेवा. वरून राखाडी, खालून काळं, चुरगळून गेलेलं ते पापुद्र्यासारखं पान उलगडतं आणि त्याच्या कडांच्या चुण्या एकेक करून दिसू लागतात. दगडफूल ही एक वनस्पती नव्हे. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे. प्रवाळाचंही तसंच. प्रवाळ हा प्राणी, आणि त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशातून अन्न करून त्याला देतं. प्रवाळाचे रंगही बरेचसे त्या शैवालाचे. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं आणि तसंच राहिलं, की हा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडतं, आणि आतला चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर सावरतो. नाही निवलं, तर उपासमारीने जातो. ग्रेट बॅरियर रीफवर १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ या वर्षांत मोठ्या प्रमाणावर असं झालं. आपल्या लक्षद्वीपलाही १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये त्याची झळ बसली. सावरायला मिळणारी मधली वर्षं कमी होत चालली आहेत, हे वाचकाला वरच्या आकड्यांवरूनच दिसेल. समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी भागावर प्रवाळखडक आहेत, आणि समुद्रातल्या सुमारे एक चतुर्थांश जाती कधी ना कधी त्यांच्या आसऱ्याला असतात.

वर्थाइम भगिनींनी गणिताचा नियम काटेकोर पाळला असता तर एकसारखेच प्रवाळ झाले असते. त्यांनी तो मुद्दाम सैल केला. दर पाच टाक्यांमागे एक वाढवता वाढवता मध्येच तीनवर आल्या, दोरा बदलला, टाका बदलला. नियमात थोडा बदल झाला की आकार बदलतो, हे पाहून दुसरी कुणी आणखी बदल करते. सजीवांच्या जाती अशाच फुटतात. मग त्यांनी इतरांना बोलावलं. २००७ मध्ये पिट्सबर्गच्या अँडी वॉरहॉल संग्रहालयात आणि शिकागोत प्रदर्शनं झाली. शिकागोच्या लोकांनी आपल्या शहराचा स्वतःचा खडक विणला, आणि तिथून रीत पडली. बहिणी नियम सांगतात, गावातली माणसं महिनोन्‌महिने विणतात, शेवटी सगळे तुकडे एकत्र रचले जातात. लंडन, डब्लिन, रिगा, अबू धाबी असे पन्नासहून अधिक खडक आजवर झाले. २०१० मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन निसर्गविज्ञान संग्रहालयात, २०१९ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात हे काम मांडलं गेलं. २०२२ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-बाडेन इथे सुमारे ४,००० माणसांनी सुमारे ४०,००० प्रवाळ विणून धाडले. खऱ्या खडकातला एकेक प्राणी बहुधा बोटाच्या पेरापेक्षाही लहान असतो, आणि चुन्याची इवलीशी वाटी बांधून ठेवतो. एवढ्या वाट्यांचा खडक होतो तो असाच.

या कामात सगळे प्रवाळ रंगीत नाहीत. एक भाग पांढऱ्या दोऱ्याचा आहे, पांढरे पडलेल्या खडकांची आठवण म्हणून. एक भाग प्लास्टिकचा आहे. पिशव्यांच्या पट्ट्या कापून त्यांचा दोरा केलेला, जुन्या व्हिडिओ टेपा विणलेल्या. बहिणींनी २००७ पासून चार वर्षं स्वतःच्या घरातलं प्लास्टिक बाहेर न टाकता साठवून ठेवलं. कचरा आपल्या नजरेआड गेला म्हणजे संपला, असं मानायची सोय त्यांनी स्वतःपुरती बंद केली. दुधाच्या पिशव्या धुऊन, कापून, त्यांची आसनं विणणाऱ्या बायका आपल्याकडेही आहेत. त्यांना हे काम समजावून सांगावं लागणार नाही.

आणि एक गोष्ट, जी मला या सगळ्या प्रकल्पात सर्वांत मोलाची वाटते. प्रदर्शनाच्या भिंतीवर विणणाऱ्यांची नावं लिहिलेली असतात. क्रोशा खऱ्या अर्थाने यंत्रावर होत नाही. जिथे क्रोशा दिसेल तिथे कुणाचे तरी तास असतात. पण त्या तासांची नोंद कोण ठेवतं? आंध्र प्रदेशातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली. पुढे ती परदेशी बाजारात जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातून दिसलं की हजारो बायका दिवसाचे कित्येक तास विणत होत्या, त्यांच्या कामावर व्यापार चालत होता, आणि घरात-दारात त्या कामाला फावल्या वेळचा उद्योग म्हणत होते. फावला वेळ! माझ्या आईच्या डब्यालाही आमच्या घरात हाच शब्द होता, आणि तो मीही वापरला आहे. तिला बारा खांबांचं कोडं सुटलेलं होतं, आणि आम्ही त्याला छंद म्हणत होतो.

मराठी वाचकाचं या विषयाशी नातं नुसतं रुखवतापुरतं नाही. गोव्यात वेदीवरच्या कापडाला, घरातल्या चादरींना क्रोशाची लेस लावणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आणि प्रवाळ तर आपल्या दाराशी आहे. शहरात वाढलेल्या माझ्यासारखीला पोवळं ठाऊक होतं ते मंगळसूत्रातलं, आणि प्रवाळ ठाऊक होता तो वैद्याच्या पुडीतला. जिवंत प्रवाळ कोकणच्या समुद्रात असतो, हे मला खूप उशिरा कळलं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, त्याच्या पाण्यात प्रवाळ आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर पाण्याखाली एक विस्तीर्ण पठार आहे, तिथे प्रवाळांची वस्ती आहे. त्या पठाराला आंग्रिया बँक म्हणतात, कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून. मुंबईत सागरी किनारा रस्ता बांधताना २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीजवळच्या प्रवाळांच्या काही वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या, तेव्हा कितीतरी मुंबईकरांना प्रथमच कळलं की त्यांच्या गढूळ पाण्यात प्रवाळ जगतो आहे.

एक प्रश्न मला अनेकांनी विचारला. लोकर विणून समुद्रातला प्रवाळ वाचतो का? नाही वाचत. पाणी तापतं ते कोळसा आणि तेल जाळल्यामुळे, आणि त्याचं उत्तर सुईने मिळणार नाही. पण एक प्रवाळ विणायला एक दुपार जाते, कधी चार दुपारी जातात. तेवढा वेळ माणूस त्या आकाराशी बोलत असतो. ज्या वस्तूला आपण एवढा वेळ दिला, तिच्या खऱ्या रूपाचं काय चाललंय, हे विचारल्यावाचून राहवत नाही. वर्तमानपत्रातल्या बातमीला आपण अर्धं मिनिट देतो. समुद्राला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ देणारी माणसं तयार होणं, हे या कामाचं फळ मी मानते, आणि ते लहान आहे असं मला वाटत नाही.

पुस्तकाची रचना याच क्रमाने आहे. आधी हात, मग गणित, मग समुद्र. पहिल्या भागात साखळीपासून विणायची रीत दिली आहे, कधीही सुई न धरलेल्यालाही जमेल अशी. दुसऱ्या भागात घड्या घालून करायचे प्रयोग आहेत, आठवी-नववीच्या वर्गात करता येतील असे. तिसऱ्या भागात प्रवाळांची ओळख, आणि शाळेने, महिला मंडळाने किंवा बचत गटाने मिळून खडक कसा विणावा याची माहिती आहे. गणित अवघड वाटलं तर पहिला भाग आधी करा, आणि विणकाम अवघड वाटलं तर ज्यांना येतं त्यांच्याजवळ जाऊन बसा. तुमच्या घरात, शेजारात अशी एक तरी आजी, काकू, मावशी असेलच.

शेवटी दोन विनंत्या. तुम्ही मिळून काही विणलंत, तर ज्यांनी विणलं त्या प्रत्येकीचं नाव लिहून लावा, आणि काम विकलंत तर तिच्या तासांचे पैसे तिला द्या. आणि घरातल्या एखाद्या मुलीच्या रुमालाला झालर पडली, तर तिला उसवायला सांगू नका. तिच्याजवळ बसा आणि कोणत्या ओळीत किती खांब झाले, ते तिला मोजायला सांगा.